काळ्या मशीनवरचं जपानी

निवृत्तीनंतर आम्ही सातपूरच्या कारखान्यातले मित्र भेटलो की जपानच्या ट्रेनिंगच्या गोष्टी निघतात. फुजी पर्वताचं नाव कुणी काढत नाही. सगळ्या गोष्टी फिरून विलास खैरनारवरच येतात.

नव्वदच्या दशकात आम्ही चौघे तिकडे गेलो, तेव्हा दोन कंपन्यांच्या व्हिडिओ गेममध्ये जुंपली होती. एकीचं मशीन पांढरं, दुसरीचं काळं. कँटीनमध्येही दोन तट. आमचे सुपरवायझर मोरीसान कट्टर पांढरेवाले. भारतात कुठलं चालतं, असं त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं. विलास म्हणाला, "आमच्याकडे दोन्ही नाहीत. म्हणून आम्ही एका टेबलावर जेवतो."

*

दोन महिन्यांनी नोटीस लागली. कारखान्यातल्या मशीनवरच्या सूचना सहाव्या महिन्यापर्यंत ज्याला वाचता येणार नाहीत, तो परत जाईल. विलास सटाण्याकडच्या खेड्यातला. भाषेच्या वर्गात त्याच्या डोक्यात काही शिरेना.

काळं मशीन तोवर हरायला लागलं होतं. जुन्या मालाच्या दुकानात त्याचे ढीग लागले. विलासनं त्यातलं एक उचललं, सोबत गावोगाव हिंडणाऱ्या एका योद्ध्याचा गेम. आम्ही हसलो. तो म्हणाला, "खेळायचं नाहीये. वाचायचंय."

मग रोज संध्याकाळी डिक्शनरी घेऊन बसायचा. गेममधली माणसं बोलायची, ते पडद्यावर लिहूनही यायचं. एकेका वाक्याला वीस-वीस मिनिटं.

*

मोरीसान एकदा खोलीवर आले. काळं मशीन बघून त्यांना फार वाईट वाटलं. हे हरतंय, पांढरं घे, मी स्वस्तात मिळवून देतो, म्हणाले.

विलासनं मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, "यातली माणसं मी बटण दाबेपर्यंत थांबतात. वर्गातले सर थांबत नाहीत."

*

परीक्षेत मोठ्या साहेबांनी विचारलं, मशीन अडकलं तर काय करशील? विलासनं ताठ उभं राहून अस्खलित उत्तर दिलं. दुभाषी खाली मान घालून हसत होता. त्यानं आम्हाला नंतर अर्थ सांगितला: "महाराज, प्रथम वीज तोडावी. मगच गुहेत हात घालावा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि त्याला पास केलं.

वर्ग एकदाही न चुकवलेल्या एकाला मात्र परत पाठवलं. तो मी.

*

पुढे काही वर्षांनी मोरीसान आमचा कारखाना बघायला नाशिकला आले. विलासनं त्यांना गावी जेवायला नेलं, मीही गेलो. विलासची आई नाशिकच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. ती पदर सावरत दारात आली आणि पाहुण्यांना स्वच्छ जपानीत म्हणाली, "दुरून आलात, थकला असाल. आधी विसावा घ्या."

मोरीसान उंबऱ्याबाहेरच थांबले आणि कमरेत वाकले, ते बराच वेळ तसेच.

आत टीव्हीखाली विलासनं जपानहून आणलेलं काळं मशीन दिसत होतं. आईनं विलासला अहिराणीत हळूच विचारलं, "यासना घरमा बी तेच मशीन शे का?"