ओठांत धरलेले खिळे

आमच्या शेजारच्या सुताराने चाळीस वर्षं तोंडात खिळे धरून काम केलं. डाव्या कोपऱ्यात सहा-सात खिळे आणि बोलायचं ते उजव्या कोपऱ्यातून. फक्त रंधा मारताना तो तोंड रिकामं करी, कारण रंध्याला पोटातून श्वास सोडावा लागतो. दुकान मुलाकडे गेलं, खिळे डब्यात गेले, पण ओठ काही उघडेनात. मी म्हणायचो, "अरे, आता तरी कुलूप काढ." तो म्हणे, "किल्ली तुझ्या वहिनीकडे आहे."

वहिनींचं तसं नव्हतं. वाचनालयाच्या माडीवर एका निवृत्त शिक्षिकेकडे त्या दोन वर्षं संस्कृत उच्चार शिकल्या होत्या. आत्मा, प्राण, शांती, ब्रह्म असे बारा शब्द. रोज सकाळी खिडकीपाशी बसून ते खणखणीत म्हणायचे, मगच चहा. त्यात एक दिवसाचा खाडा नाही.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. आवाज बसत बसत पार गेला. ऑपरेशन आठ दिवसांवर आलं आणि आवाज परत येईल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. वहिनींनी वहीत लिहिलं, 'मला आत नेण्याआधी माझे शब्द तुम्ही म्हणा. नीट म्हणा.'

झालं, सुताराची शाळा सुरू. चुकलं की पलंगाच्या दांडीवर वहिनींच्या बोटाची एक टिचकी, जमलं की दोन. अकरा शब्द चार दिवसांत उतरले. 'ब्रह्म' मात्र हटून बसला. आधी 'ह'चा श्वास बाहेर पडायला हवा आणि मग 'म'ला ओठ मिटायला हवेत. ह्या गड्याचे ओठ आधीच मिटलेले, त्यामुळे 'ब्रम्ह'च बाहेर पडे.

टक्. पुन्हा म्हणाला. टक्.

"अगं, देवाला कळतं मला काय म्हणायचंय ते."

टक्.

"देव पास करील रे," मी म्हटलं, "पण परीक्षक वहिनी आहेत."

वहिनी हसल्या नाहीत. माझंही हसू तिथंच वाळलं.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरच्या दाराबाहेर वहिनींची ट्रॉली उभी होती. सिस्टर म्हणाली, "काका, दोन मिनिटं हं. आत सगळे तयार आहेत."

सुताराने सुरुवात केली. ट्रॉलीच्या कठड्यावर दोन-दोन टिचक्या पडत होत्या, मी मनात मोजत होतो. आठ झाले. नववा 'ब्रह्म'.

टक्.

पुन्हा. टक्. सिस्टरने घड्याळ पाहिलं. सुताराच्या कानशिलावरून घाम ओघळला. वहिनींनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. राहू दे, असं.

एक पाय आखूड असलेलं टेबल ज्याने उभ्या जन्मात दिलं नाही, त्याला राहू दे? त्याने हात सोडवून घेतला. डावा पाय पुढे टाकला, दोन्ही मुठी कठड्यावर ठेवल्या आणि हातात रंधा नसताना अस्सा रंधा मारला, की मला भुसा उडाल्यासारखा वाटला. तोंड उघडलं, पोटातला श्वास बाहेर आला आणि हात पार टोकाला गेल्यावर ओठ मिटले.

"ब्रह्म."

टक् टक्.

"काका, हे काय चाललंय?" सिस्टर म्हणाली.

"तीनच राहिलेत, बाई," तो म्हणाला आणि तेही त्याच दमात उरकले. ट्रॉली आत गेली.

चार तास तो मांडीवर मुठी आवळून बसला होता. मी तीन गोष्टी सांगितल्या. एकही त्याच्या कानात गेली नाही.

वहिनींना बाहेर आणलं तेव्हा त्या ओळखूच येईनात. गाठ काढली, डॉक्टर म्हणाले, आवाजाचं मागाहून कळेल. सुतार त्यांच्या कानाशी वाकला आणि घाईघाईने पहिल्यापासून म्हणत सुटला. टिचकी नाही. आत्मा, प्राण, शांती, काही नाही. नवव्या शब्दाला त्या घाईत त्याचे ओठ आधी मिटले.

कठड्यावर बोट हललं. टक्. एकच.

सुतार मटकन स्टुलावर बसला. "चुकलो रे," तो मला म्हणाला, तोंड चांगलं कानापर्यंत उघडून. "चुकलो."