दोन राज्यांची सून

माझी सनद जायची वेळ आली ती माझ्या वाढदिवसामुळं. म्हणजे सासऱ्यांमुळं. आणि खरं बोलायचं तर थोडी माझ्यामुळंही.

मी मूळची बेळगावची. वकिलीची सनद कर्नाटकात घेतली, मग लग्न होऊन मुळशीत रिहे गावात आले आणि पौडच्या कोर्टात काम करू लागले. वकिलाचं नाव एका वेळी एकाच राज्याच्या यादीत राहू शकतं, म्हणून रीतसर अर्ज करून मी ते तिकडून काढून इकडं आणलं. जुन्या सनदेची रंगीत झेरॉक्स वडिलांनी हौसेनं चौकटीत घालून दिली होती. ती आमच्या ओसरीत लागली, आणि नवी सनद तिच्या शेजारी.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी भिंतीकडं बघितलं आणि ठरवून टाकलं: दोन चौकटी, दोन सनदा, दोन राज्यं. मी दहादा सांगितलं, "मामा, एकच चालू आहे की हो. दुसरी नुसती झेरॉक्स."

"असंना का," मामा म्हणाले. "डाक्टरच्या भिंतीवर बघ किती असत्यात. तुज्या तर दोनच हायेत."

आमच्याकडं वाढदिवसाला फ्लेक्स लागतो. पुढाऱ्याचा लागतो, शर्यतीच्या बैलाचा तर लागतोच लागतो. त्या सकाळी कोर्टाला निघाले, तर घरासमोर रस्त्याच्या कडेला मी! काळा कोट, हात जोडलेले, दोन पुरुष उंच. वर लिहिलेलं, 'दोन राज्यांची सनद असलेली तालुक्यातली एकमेव वकील! बांध, वाटणी, रस्ता. खात्रीशीर निकाल!' आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी भावकी, गॉगल लावून.

वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. दारावरची पाटीसुद्धा बेताचीच हवी. आणि इथं एका फ्लेक्सात दोन गुन्हे, त्यातला एक तर मी केलेलाच नाही! तो तिथल्या तिथं उतरवायला हवा होता. मी काय केलं? गाडी थांबवून जवळ जाऊन बघितला. फोटो छान आला होता हो. संध्याकाळी उतरवू म्हटलं, संध्याकाळी म्हटलं उद्या. असे तीन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी जेवताना मामा कौतुकानं सांगू लागले. शेतरस्त्याच्या एका दाव्यात माझ्या पक्षकाराविरुद्ध लढणारा एक बागायतदार होता, तो दारात येऊन गेला होता. "फोटो काढत हुता फ्लेक्सचा. मी म्हनलं, थांब, मोटरसायकल बाजूला घेतो, नीट येऊ दे. मग दोनी चौकटी काढून दावल्या. च्या पाजला. लई भारावला गडी!"

माझा घास हातातच राहिला. "मामा, अहो विरोधक आहे तो!"

"म्हंजे बघ, विरोधकसुद्दा मानतोय."

काही महिन्यांनी वकील परिषदेची नोटीस आली. एकाच वेळी दोन राज्यांत नोंदणी आणि जाहिरातबाजी, शिस्तपालन समितीपुढं हजर व्हा. पहिला पुरावा फ्लेक्स. दुसरा पुरावा, दोन्ही काखांत दोन चौकटी धरून फोटोसाठी हसणारे मामा.

यात सनद जाऊ शकते, कोट कायमचा उतरू शकतो, हे मामांना कळलं तेव्हा त्यांचं जेवणच सुटलं. मग एक दिवस म्हणाले, "साक्ष मी देनार." मी नको नको म्हणत होते. पण आमच्या घरात मामांना नको म्हणायची सोय नाही.

सुनावणीला मुंबईला गेलो. दोन सनदांचा आरोप पाच मिनिटांत निकाली निघाला, नाव हलवल्याचं पत्र माझ्याकडं होतं. आता राहिला फ्लेक्स. मामा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून उभे राहिले, शपथ घेतली आणि म्हणाले, "सगळं मी केलं. सूनबाईला काय बी म्हाईत न्हवतं. तिनं फ्लेक्स बघितलाच न्हाई."

"घरासमोरचा एवढा मोठा फ्लेक्स तीन दिवस दिसला नाही?" एका सदस्यांनी विचारलं.

"न्हाई सायेब. ती खाली मान घालून जाती. वर बगायची सवयच न्हाई तिला. लई गरीब सभाव."

अरे देवा! रोज सकाळी 'हिच्या तोंडापुढं कोंबडं आरवंना' म्हणणारा माणूस हा. मी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. मामांनी माझ्याकडं चोरून बघितलं, 'बघ कसं जमलं' असं.

समितीनं मला विचारलं, "तुम्ही पाहिला होता का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! सासऱ्यांनी वाट करून दिली होती, मला फक्त खाली मान घालायची होती. पण रोज दुसऱ्यांच्या साक्षीतलं खोटं उकरून काढणारी मी, माझ्या तोंडून ते निघेना.

"पाहिला होता," मी म्हणाले. "तीन दिवस जातायेता पाहिला. आवडला, म्हणून उतरवला नाही. मामा मला वाचवायला असं बोलतायत. त्यांच्यावर काही करू नका."

सनद राहिली. लेखी ताकीद मिळाली, नावापुढं कायमची. मामांना एका सदस्यांनी तिथंच चांगलं खडसावलं.

परतताना मामा गाडीत तोंड फिरवून बसले. चहाला थांबलो तेव्हा मीच म्हणाले, "रागावलात?"

"शपथ घिऊन खोटं बोललो, ते बी वाया घालवलंस."

"चुकलं का माझं?"

"न्हाई." कप हातात तसाच. "पर तू आलीस तवा तुजी सनद कोरी हुती. डाग आमच्या दारात लागला."

मला तिथंच, टपरीपुढं, हुंदका फुटला. मामा गडबडले, इकडंतिकडं बघायला लागले आणि माझा कप माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "ए बाई, रडू नगंस. लोकं म्हनतील, सासरा छळतोय."