आक्कांच्या हॉटेलातील कट

तक्रारदार : मी, सांगलीच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून अर्ज लिहिणारा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते : माझे साडू, राहणार तासगाव, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. दिवस : आणीबाणीतले दोन शनिवार. साक्षीदार : मिसळीचे हॉटेल चालवणाऱ्या आक्का, व एक पोलीस. प्रकरण नात्यातले असल्याने नावे दिलेली नाहीत.

सांगलीत कुठे खावे हे आमच्या साडूंइतके ठामपणे सांगणारा मनुष्य कृष्णेच्या दोन्ही काठांवर झाला नाही. आणि कोणी विचारलेले नसताना सांगणारा तर नाहीच नाही. दर शनिवारी ते बेदाण्याच्या कामाचे निमित्त करून एस.टी.ने येत. गावातल्या हॉटेलांना त्यांनी पलटणीतले हुद्दे दिले होते. स्टँडसमोरचे उपाहारगृह 'रिक्रूट', हळदीच्या पेठेतले 'नाईक', आणि मागल्या गल्लीतले आक्कांचे हॉटेल 'सुभेदार मेजर'. नाईकाने एकदा उसळीत गूळ घातला, तेव्हा त्याच्या पायरीवर उभे राहून साडूंनी भर बाजारात त्याची फीत उतरवली. पुण्याकडच्या एका सभ्य प्रवाशाने स्टँडवर विचारले, "इथे कमी तिखट कुठे मिळेल हो?" साडू म्हणाले, "सरळ जावा. डाव्या हाताला सरकारी दवाखाना हाय." तो भला गृहस्थ खरोखरच निघाला. त्याला वळवून आणण्यास मला धावावे लागले.

सदऱ्याच्या खिशात ते घरचा कांदा बाळगीत आणि आक्कांच्या बाकावर ठेवून बुक्कीने फोडीत. मिसळीवर जो लाल, तेलकट, जळजळीत रस ओततात, ज्यास आम्ही कट म्हणतो, त्याने कपाळावर घाम आला तरच ती मिसळ. मध्ये पाण्यास बंदी. मी पेल्याकडे हात नेला की म्हणत, "आवं साडू, गोळी गिळायची हाय व्हय?" मला तिखट सोसत नाही, हे मी बारा वर्षे कोणास कळू दिले नाही. दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिणाऱ्यास स्वतःची तक्रार करण्याची सोय नसते.

पहिल्या शनिवारी साडूंनी दोन घास घेतले, कोरड्या कपाळावरून हात फिरवला आणि चमचा ठेवला.

"आक्का, कट कुठाय?"

"हाय की त्यात."

"ह्यात? ह्यात म्हस डुंबंल!"

तेथून त्यांनी मला तडक माझ्या टेबलापाशी आणले. "लिवा. सरकारात जाऊ द्या." माझे शिक्षण सातवीपर्यंत असले तरी माझा मसुदा वकीलसुद्धा दोनदा वाचतात. मी लिहिले : 'सदरहू हॉटेलात दर शनिवारी होणारा कट पूर्वीइतका जहाल राहिलेला नाही. अनेक प्रतिष्ठित नागरिक त्यात नित्य सामील असतात. तरी सरकारने जातीने लक्ष घालावे.'

यात गैर काय? परंतु अर्ज ज्या साहेबांपुढे गेला ते नागपूरकडचे, आणि तिकडे कटास तर्री म्हणतात. पुढच्या शनिवारी आम्ही आक्कांच्या बाकावर टेकतो तोच हुकूम घेऊन पोलीस दारात उभा.

"हितं कट कोण करतं?"

आक्कांनी मानसुद्धा वळवली नाही. "मीच. पहाटंपास्नं करते."

"कोण कोण सामील हाय?"

"येईल त्याला वाढते. तुमाला देऊ?"

पोलिसाने पातेल्यात डोकावून पाहिले, हुकूम पाहिला, आणि तो बाकावरच बसला. "आयला, ह्यो कट!" पुराव्यादाखल त्याने चमचाभर चाखला. त्याच्या डोळ्यांना धार लागली. "जहाल न्हाई, असं कोण म्हंतंय?"

साडू उठले. पातेल्यात आग, मग त्यांच्याच ताटात पाणी कसे? आक्कांनी पदराला हात पुसले. "तुमच्या एकट्याच्या कटात पानी घालत हुते, हवालदार. तुमच्या घरनं ताईंचा सांगावा हुता. डाक्टरनं तुमच्या पोटापायी तिखट बंद केलंय न्हवं? घरी तुमी ऐकत न्हाई म्हणून त्यांनी मला गळ घातली."

म्हणजे कट झालाच होता! माझे अक्षर न् अक्षर खरे ठरले, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. उलट साडूंनी न फोडलेला कांदा खिशात घातला आणि माझ्याकडे पाहिले. "तुमीबी त्यातलंच." मी शपथ घेतली; ती ऐकण्यापूर्वीच ते स्टँडकडे वळले होते.

त्यास चार शनिवार झाले. तासगावाहून मेहुणीचा निरोप आहे की, ते घरी मऊ भात खातात आणि बोलत नाहीत. इकडे मी आक्कांच्या बाकावर एकटाच बसतो. पाण्याचा पेला समोर असतो, अडवणारे कोणी नसते, आणि पाणी गोड लागत नाही.

सबब साडूंस विनंती की, येत्या शनिवारी समक्ष हजर राहून खुलासा करावा. आक्कांना दोन ताटे सांगितली आहेत, दोन्ही पातळ. माझे ताट पातळ का, याचा खुलासा मीही करीन. कांदा आपण आणावा. उत्तर उलट टपाली यावे.