देवाला दिलेली ताई

आईच्या अंत्यविधीच्या मिस्सात फादरांनी तिला आदर्श माता म्हटलं, तेव्हा मी दुसऱ्या बाकावर बसले होते आणि माझे कान तापले होते. फादर नवीन होते. आईला त्यांनी फक्त अंथरुणावर पाहिलेलं. ते जे बोलत होते ते सगळं माझ्या पाठच्या भावानं त्यांना सांगितलेलं होतं. आठ मुलं वाढवली, संध्याकाळची जपमाळ कधी चुकवली नाही, आणि एक कन्या प्रभूच्या सेवेला अर्पण केली. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. ती कन्या, माझी ताई, माझ्या शेजारीच बसली होती. साधी सुती साडी, आणि आईचं हगणं-मुतणं काढून, फिनाइलच्या पाण्यात चादरी धुऊन सोललेले हात. तिनं मान वर केली नाही.

आईनं कष्ट केले नाहीत असं मी कधीच म्हणणार नाही. बाबा कळमेश्वरच्या एमआयडीसीत फिटर होते. पहिल्या पाळीची बस चौकात यायच्या आत आईचा डबा तयार असायचा. दोन खोल्यांत आम्ही आठ पोरं. नाताळाला ती एकाच ताग्यातून सगळ्या मुलींचे फ्रॉक शिवायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते खायची. संध्याकाळी जपमाळ. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं, गुडघ्यांवर, उघड्या फरशीवर. कुणाला डुलकी लागली की आई काही बोलायची नाही, पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरुवात करायची. मग बाकीचे सातजण त्या एकाकडे जे बघायचे, ते मला अजून आठवतं. तिला मारावं लागत नसे. जी बाई तुमच्यासाठी इतकं झिजते तिला नाही म्हणता येत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

ताई आमच्यात दुसरी. मला ती नऊ वर्षांनी मोठी. तिच्या हातात भुवया कोरायची कला होती. दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती आमच्या ओट्यावर मोहल्ल्यातल्या बायकांच्या भुवया करायची. बाई कळवळली की ताई दातात दोरा धरूनच हसायची, आणि तिचं ते हसू बघून ती बाईही हसायची. बारावी झाली की नागपूरच्या सदर भागात एका पार्लरात कामाला लागायचं आणि पुढे स्वतःचं काढायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. आईचीही ना नव्हती.

मग माझ्या पाठचा भाऊ आजारी पडला. आठांतला शेवटचा, पाच वर्षांचा. मेंदूज्वर. सरकारी दवाखान्यात आई त्याच्या खाटेजवळून हलली नाही, आणि घर ताईनं सांभाळलं. तो वाचला. ज्या दिवशी त्याला घरी आणलं त्या संध्याकाळी जपमाळ संपली तरी आईनं कुणाला उठू दिलं नाही. आम्ही गुडघ्यांवरच होतो. तिनं सांगितलं की दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं नवस बोलला होता.

"मी देवाले म्हटलं, ह्याले ठेव, मी तुले एक पोरगी देईन," ती म्हणाली, आणि ताईकडे बघितलं.

बाबांनी हळूच विचारलं, तिला विचारलं का? आई म्हणाली, तिले काय विचाराचं. मोठीचं लग्न जमत आलं होतं आणि आम्ही बाकीच्या लहान होतो. एवढ्या हिशेबात ताई निवडली गेली. भाऊ तिथेच पलंगावर झोपला होता, हाताची नुसती काडी झालेली. ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही. त्याच्यासमोर ती काय बोलणार होती?

ती मठात गेली त्या रविवारी चर्चमध्ये तिला हार घातला. आईच्या अंगावर लग्नातलं रेशमी पातळ होतं. बायका आईचे हात हातात घेऊन तिला भाग्यवान म्हणत होत्या. त्यानंतर ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत आई नेहमी सगळ्यांत पुढे असायची, आणि लोक तिला वाट करून द्यायचे.

शेवटची व्रतं घ्यायच्या आधी ताई परत आली. तिला कुणी काढलं नव्हतं. तिथल्या वयस्क मदरनंच तिला समजावलं होतं की इथे स्वतःहून यावं लागतं, दुसऱ्याच्या शब्दाखातर राहता येत नाही. तिकीटही मदरनंच काढून दिलं. दुपारची वेळ होती. आई अंगणात भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती, मी शेजारी सुपात मिरच्या घेऊन. ऑटो थांबला आणि ताई पेटी घेऊन उतरली.

"काहून आली वं?" आईनं विचारलं.

"नाही जमलं, आई."

आईनं हातातल्या मिरचीचा देठ तोडला. "देवाले देलेली वस्तू मी वापस नाही घेत," ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.

बाबा आतून आले, त्यांनी ताईची पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. आईच्या शब्दाबाहेर जाताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

त्या दिवसापासून आई ताईशी बोलली नाही. रागानं दोन-चार महिने अबोला धरतात तसं नव्हे. मरेपर्यंत बोलली नाही. ताई हातभर अंतरावर बसलेली असायची आणि आई मला सांगायची, तिले सांग, ताट वाढलं हाये. तिले सांग, पाणी आलं हाये. ताट रोज वाढलेलं असायचं, भाजीही सगळ्यांइतकीच, त्यामुळे आई वाईट वागते असं कुणी म्हणू शकत नव्हतं. चर्चमध्ये ती सांगायची की पोरगी तब्येतीमुळे घरी आली आहे, बरी झाली की जाईल. काटोलकडून ताईसाठी एक चांगलं स्थळ आलं, मुलाचा मोसंबी-संत्र्यांचा व्यापार होता. आईनं पाहुण्यांना चहा दिला, चिवडा दिला आणि सांगितलं की ही पोरगी देवाची आहे. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. भाऊ इंजिनीअरिंगला नापास झाला, पुढे त्याची नोकरी गेली, एकदा मोटरसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला. दरवेळी आई ताईकडे बघायची. तेवढ्यापुरती तिची नजर ताईकडे वळायची.

ताईनं चौकात टिनाच्या शटरची एक खोली भाड्यानं घेऊन तिथे पार्लर चालवलं. बाबा गेले. आम्ही सगळे पांगलो, कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी सासरी. आईला लकवा मारला तेव्हा घरात ताईच होती. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाकीचे, नागपुरातच राहणारा पाठचा भाऊसुद्धा, आईला हात हलवायचे आणि ताईला काळजी घ्यायला सांगायचे. मी नागपुरातच असल्यामुळे दुपारची एक फेरी मारत असे. ताई आईला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. आई छताकडे बघत राहायची. तिची वाचा पूर्ण गेली नव्हती. माझ्याशी ती अडखळत बोलायची, आणि ताईनं दिलेला घास तोंडात असतानाही मलाच सांगायची, तिले सांग, मीठ कमी हाये.

एका दुपारी ताई औषधं आणायला गेली होती. मी आईला स्पष्ट विचारलं. इतकी वर्षं झाली, आता तुझं सगळं तीच करते, एकदा तरी तिच्याशी बोल.

आई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मी तिले वापस घेतलं, तं तो त्याले घेऊन जाईन."

मला कळायला वेळ लागला. तो म्हणजे देव. त्याले म्हणजे भावाला. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, वर्धा रोडला फ्लॅट घेतलेला माझा भाऊ आईच्या मनात अजून त्या खाटेवरच होता, आणि ती एका मुलाला राखायला दुसऱ्या मुलीला दाराबाहेर ठेवून बसली होती. घरात राहणाऱ्या मुलीला. हे ऐकून माझं मन विरघळलं असतं तर मी चांगली मुलगी ठरले असते. ते विरघळलं नाही. तिच्या तोंडाशी धरलेला पाण्याचा पेला मी स्टुलावर आपटला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ताईला मी हे त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे.

दफनानंतर घरी सगळे चहाला जमले होते. भाऊ पाहुण्यांना सांगत होता की चर्चच्या भिंतीवर आईच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची, आणि त्यावर फादरांचं ते वाक्य कोरायचं. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की अर्पण केलेली कन्या म्हणजे कोण, जरा बोट करून दाखव. तो म्हणाला, आजच्या दिवशी तरी गप्प बस, आईच्या इज्जतीचा प्रश्न आहे. सगळ्यांत मोठी बहीण मला दंडाला धरून आत न्यायला लागली. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं तो टेबलावर ठेवला.

"तुले नवसानं नाही वाचवलं गा," ती भावाला म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "डॉक्टरच्या सुयांनी वाचवलं. माह्यं नाव कोणत्याच पाटीवर टाकू नको."

दुबईचा भाऊ मोबाइल बघू लागला. ताईनं ट्रेमधले कप एकेकाला दिले, पाठच्या भावालाही दिला.

पाटी लागली. कन्येचं वाक्य त्यावर नाही, पण आदर्श माता हे शब्द आहेत, सोनेरी अक्षरांत. आईला महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सात मी बायबलचं वाचन करावं असा निरोप आला. मी नाही म्हटलं. त्यावरून भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला बरंच ऐकवलं गेलं, म्हणून मी ग्रुप सोडला. आता नाताळाला मला कुणी बोलवत नाही आणि मी कुणाकडे जात नाही. चर्चला जाणंही मी बंद केलं आहे.

ताई मात्र जाते. आमचं चर्च सोडून ती दुसऱ्या, हिंदी मिस्साच्या चर्चला जाते, दर रविवारी, कुणी सांगितल्याशिवाय. मला ते समजत नाही, आणि मी जात नाही याचा तिला राग आहे. परवाच तिनं विचारलं, "आईचा राग तू देवावर काहून काढून राहिली?"

मी म्हटलं, मला त्या दोघांना अजून वेगळं करता येत नाही. ती उठली आणि मिस्साला उशीर होतो म्हणून निघून गेली.