पवनसाहेबांची पडीक जमीन

वाऱ्यापासून वीज तयार करायच्या सरकारी कामावरचे आमचे साहेब वाऱ्याला घाबरत. ठाण्याच्या त्या ऑफिसात मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असू, आणि साहेबांच्या खोलीतला पंखा बंद, कानाला मफलर. "मला वारा बाधतो हो," असं ते गंभीरपणे सांगत. इतका योग्य माणूस नेमका याच खुर्चीसाठी शोधून काढल्याबद्दल खात्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पाठीमागे आम्ही त्यांना पवनसाहेब म्हणायचो. पुढे ते त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांना ते चक्क आवडलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नगररचना शिकून नुकतीच या खात्यात लागले होते. काम एकच, ठाणे जिल्ह्यात नमुन्यादाखल काही पवनचक्क्या उभारायच्या होत्या, त्यांना जागा शोधायची. धोरण अगदी स्पष्ट होतं. चक्क्या वस्तीपासून लांब हव्यात, पण रस्त्याला लागून हव्यात. विजेच्या तारांपासून दूर हव्यात, पण तारांना लगेच जोडता आल्या पाहिजेत. विमानांना त्यांचा अडथळा व्हायला नको, पण मंत्र्यांना गाडीतून दिसल्या पाहिजेत. साहेब रंगीत पेन्सिली घेऊन जिल्ह्याच्या नकाशावर एकेका अटीचं वर्तुळ काढत. सगळ्या अटी पाळून झाल्या की मोकळी उरायची ती फक्त खाडी.

"पाण्यात उभ्या करूया का, साहेब?" मी एकदा वैतागून विचारलं.

"बाई, तुम्ही काळाच्या फार पुढे आहात. बसा खाली," ते म्हणाले.

साहेब डोंबिवलीला राहायचे. तिथली वीज वरचेवर जायची आणि दुसऱ्या दिवशी ते खुशीत ऑफिसला यायचे. "काल पुन्हा अंधार! आपल्या कामाची गरज लोकांना अशीच पटणार," असं म्हणून डबा उघडायचे. खरं तर पवनचक्की त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. भिंतीवर एका परदेशी कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं, त्यातली चक्की ते रोज बघत. देवासमोर उभे राहतात तसे एखादा क्षण तिच्यासमोर उभे राहत. त्यांची थट्टा करताना आम्ही त्या पानाच्या वाटेला मात्र जात नसू.

शेवटी वरून निरोप आला की प्रकल्प घोडबंदर रोडवरून दिसेल असाच हवा. मग काय, शास्त्र आपोआप जुळलं. खाडीकाठचा एक उंचवटा सापडला. वारा उत्तम, रस्ता जवळ, आणि नकाशात त्यावर लिहिलेलं 'पडीक'. शेजारी कोळ्यांचं गाव होतं, पण नकाशात त्याभोवती वर्तुळच नव्हतं. "नकाशात नाही ना? मग नाही," हे साहेबांचं ठरलेलं वाक्य. त्या वाक्यावर त्यांची सगळी नोकरी सुखाने झाली होती.

आम्ही जागा पाहायला गेलो तर पडीक जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत जवला, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातलेला. साहेब मफलर नाकावर ओढून त्यातून वाट काढू लागले, तशी एक म्हातारी कोळीण कमरेवर हात ठेवून समोर आली. तिचं नाव हिराबाय.

"ओ साहेब! पायाखाली बगा. हिकरं आमी जवला सुकवताव."

"बाई, सरकारी नकाशात ही जमीन पडीक आहे," साहेब म्हणाले.

"मंग तुमचा नकाशा हिकरं सुकवा. जवला आमी तुमचे हापिसान आनून सुकवताव."

ती बोलून थांबणारी नव्हती. पुढच्याच आठवड्यात पाट्या डोक्यावर घेऊन पंधरावीस कोळणी ऑफिसच्या आवारात आल्या आणि मोठ्या साहेबांच्या गाडीच्या जागेवर त्यांनी जवला पसरला. ऑफिसात तोपर्यंत कोणी इतक्या झटपट काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. वासाने पहिला मजला रिकामा झाला. मोठ्या साहेबांचा फोन आला, पोलीस बोलवा.

"कशाला साहेब?" पवनसाहेब फोनवर म्हणाले. "आपण त्यांची जागा पाहून आलो, त्या आपली पाहतायत."

हे त्यांच्या तोंडून आलं यावर माझा विश्वास बसेना. मग ते खाली उतरले आणि हिराबायसमोर उकिडवे बसले. जवला तिथेच का सुकवता, दुसरीकडे का नाही, असं विचारू लागले. गावात घरं दाटीची, वारा लागत नाही, माल कुजतो. त्या उंचवट्यावर मात्र दिवसभर वारा असतो, असं तिने सांगितलं. साहेब उठले. जिना चढताना मला म्हणाले, "बाई, आपल्याला ती जागा ज्याच्यासाठी आवडली, त्याच्यासाठीच यांनाही आवडली. फक्त यांना आधी आवडली."

त्यांनी अहवालात लिहिलं की जमीन पडीक नाही, वापरात आहे, प्रकल्प इथे नको. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. ते वाक्य खोडा आणि बढती घ्या, असा सरळ व्यवहार होता. पवनसाहेबांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. तो दिवस त्यांनी खोलीचं दार लावून काढला. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा कॅलेंडरचं ते पान गुंडाळून त्यांच्या काखेत होतं. तेव्हाच मला उत्तर कळलं.

सचोटीची कदर आपल्याकडे तत्काळ होते. त्यांची बदली कल्याणला झाली, सार्वजनिक मुताऱ्यांच्या जागा ठरवणाऱ्या विभागात. "याही कामात वाऱ्याच्या दिशेचा अभ्यास लागतो, बाई," असं ते भेटल्यावर सांगत आणि आम्ही दोघंही हसत असू. बढती काही पुन्हा त्यांच्याकडे फिरकली नाही. आमच्या प्रकल्पाचा निधी परत गेला, आणि उंचवट्यावर जवला वाळत राहिला.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा साताऱ्याकडच्या एका पठारावर खरोखरच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मला पाहणीला जायचं होतं. साहेब निवृत्त झाले होते, तब्येतही बरी नव्हती. वहिनी नको नको म्हणत असताना ते जीपमध्ये येऊन बसले. वर पोचल्यावर आमचे अधिकारी मान वर करून पाती बघत होते. साहेब मात्र मेंढरं राखणाऱ्या एका धनगराकडे गेले.

"पाव्हणं, इथं आधी काय होतं?"

"मेंढरं चरायची."

"आणि आता?"

"आताबी चरत्यात की. खांबाच्या सावलीला बसत्यात."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"न्हाई बा. पर हाकललंबी न्हाई."

"एवढं तरी," साहेब म्हणाले. मग एका दगडावर बसून त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

आमचं काम उरकलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. मी त्यांना उठवायला गेले. त्याच हिवाळ्यात ते गेले, त्यामुळे आमचं शेवटचं नीटसं बोलणं झालं ते तेवढंच.

"बसू द्या हो बाई जरा," ते म्हणाले. "हे बघायलाच तर नोकरीला लागलो होतो."