दादाच्या तळहातावरची साखर

आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर आई दही-साखर ठेवते. माझी दहावी असो, नाहीतर दादाचा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतला इंटरव्ह्यू. दादाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर सापडला. तो कुठवर पसरलाय ते बघायला पेट स्कॅन ठरलं, त्या सकाळीही तिने तेच केलं. उपाशी या म्हणून बजावलं होतं, पण चमचाभर दही-साखर म्हणजे काय खाणं झालं? आणि दादाने दुसऱ्यांदा हात पुढे केला, तर तिने दुसऱ्यांदाही दिली. मी तेव्हा खाली रिक्षा बघत होते.

घाटकोपरच्या सेंटरमधल्या बाईंनी विचारलं, "सकाळपासून काही घेतलंत?" दादाला खोटं बोलायला कधी जमलंच नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "शिरेतून आम्ही साखरेसारखंच औषध देतो. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात. त्या ते ओढून घेतात आणि स्कॅनमध्ये चमकतात. आधीच साखर पोटात गेली तर चित्र धड येत नाही. परवा या."

मी तिथेच, सगळ्यांसमोर आईवर भडकले. "अक्कल आहे का गं तुला? कॅन्सरला खाऊ घातलंस तू."

"माका काय म्हायत?" आई एवढंच म्हणाली.

"गप गं," दादा मला म्हणाला, "दोन दिवस सुट्टी मिळाली म्हण."

परवा स्कॅन झालं. कॅन्सर यकृतात पोचला होता. आईने डॉक्टरांना पहिला प्रश्न साखरेचाच विचारला. बिचाऱ्यांनी नीट सांगितलं. चांगली पेशी साखर पुरवून वापरते, कॅन्सरची पेशी ती अर्धवट जाळते आणि बाकीची स्वतःच्या वाढीला लावते. खाणं बंद केलं तरी शरीर स्वतः साखर बनवतं, ही तिथून घेते. त्या दोन चमच्यांनी काही झालेलं नाही, आजी.

आईने मान डोलावली. पण तिच्या डोक्यात बसलं होतं ते माझं बोलणं. साखरेचा डबा माळ्यावर गेला. दादा फिका चहा तोंड वाकडं करून प्यायचा. डॉक्टरांचं मीही ऐकलं होतं, तरी डबा खाली काढ असं मी म्हटलं नाही. मला कुणावर तरी राग काढायचा होता आणि आई समोर होती, बस.

शेवटचं ॲडमिट करायला निघालो तेव्हा दादाने दाराशी सवयीने हात पुढे केला. आईने माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. मी म्हटलं, "चला, रिक्षा थांबलीय." दादाने कोरडा हात पँटला पुसला आणि जिना उतरला. तो परत आला नाही.

आता डबा ओट्यावर आहे. चहा गाळता गाळता आई अजून विचारते, "दिवक होयी होती काय गो?"

हो, द्यायला हवी होती. मीच देऊ दिली नाही. हे तिला सांगायला माझी जीभ अजून रेटत नाही.