नाकातला फवारा अन् पापडाचा पोळपाट

आमच्या केनवडात उन्हाळ्याचे पापड एकटीनं कोणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. साऱ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जातात. मी त्यातली जुनी लाटणारी. माझा पापड सगळ्यात पातळ, हे मी नाही, बायाच म्हणत.

पण माझं नाक बिघडलं. उडदाचं पीठ उडालं की शिंका, अन् मंग नळासारखं गळणं. वाशीमच्या डॉक्टरनं नाकात मारायचा फवारा देला. रोज मारा, न चुकता, म्हणे.

आता नाकात टाकायचं औषध म्हणजे मले एकच माहीत, ते म्हणजे तूप. खाटेवर उताणं झोपायचं, मान खाली सोडायची, कोमट थेंब सोडले की जोरात ओढायचे. मी फवाराही तसाच मारला. आत गार चापट बसली, डोळ्यात पाणी आलं, अन् सारं औषध घशात. कडूजहर. वरून अत्तरासारखा वास. मागून घेतलेला चहासुद्धा कडू लागे. मी शिशी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून देली. सून रोज विचारे, औषध घेतलं का. मी हो म्हणून मोकळी.

मंग चुलत जावेकडे पापड निघाले. बोलता बोलता मी वाकली, अन् नाकातला थेंब पिठाच्या लाटीवर पडला. साऱ्या बायांनी पाहिलं. तोंडावर बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जावेनं ती लाटी गाईच्या घमेल्यात टाकली अन् गोड आवाजात म्हणाली, "जाऊबाई, तुमी गच्चीवर पापड वाळत घाला ना. तुमचा हात हलका हाये."

माझे दुखरे गुडघे साऱ्या गावाले माहीत. जिना चढताना खालून हसू ऐकू आलं. मलेच हसल्या असतील असं नाही, पण मले तसंच वाटलं. उन्हात पापड पसरवता पसरवता रडली, तर नाक आणखी गळलं.

घरी येऊन सुनेले खरं सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं आधी पदरात हसून घेतलं.

"आई, हे तूप नोहे. उताण्या कायले झोपता?"

तिनं मले खुर्चीवर बसवलं. आधी नाक शिंकरा. शिशी जराशी मुठीत धरा, गारवा जाईल. मान खाली, पायाच्या बोटांकडे पाहा. डाव्या नाकपुडीले उजवा हात, अन् शिशीचं टोक कानाच्या बाजूनं, मधल्या पडद्याकडे नाही. अन् ओढायचं कसं, तर मोगऱ्याचं फूल हुंगल्यावाणी. बस. घशात काहीच उतरलं नाही. दात घासायच्या आधीच मारत जा, म्हणाली, राहिला वास तर चुळीसंगं जाईल.

रोज घेत गेली, तसं हळूहळू गळणं थांबलं.

मंग समोरच्या घरी पापड होते. मी पोळपाट घेऊन गेली. घरवालीनं जिन्याकडे पाहिलं.

"नाई वो," मी म्हटलं, "आज मी लाटतो."

तिनं सरकून जागा देली. नाक कोरडं ठणठणीत होतं. तरी माझा हात सारखा पदराकडे, पदर नाकाकडे जाय. अन् गेला की माझ्यासमोर बसलेल्या बाईचं लाटणं थांबे, तिची नजर माझ्या लाटीवर येऊन बसे. मी मान वर न करता लाटत राह्यली. त्या दिवशी माझे पापड जाड झाले.